नाव मी घेतलं, आक्का

आक्का, तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चुलीपुढं बसते, उठते, दारात जाऊन येते, पुन्हा बसते. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली असते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय व, पायाले भिंगरी लागली काय? बस एका जागी. तुह्याकडं पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली." हे मी मनातल्या मनात तुझ्या आवाजात बोलून बघते. मग तर आणखीच उठावंसं वाटतं.

रहीमचाचा म्हणाले, बाईवर, म्हणजे तुझ्यावर, चार ओळी लिही, छापायला देऊ. आपल्या सिनेमाच्या तंबूत मशीन चालवणारे ते, दार सांभाळणाऱ्या आपण दोघी, आणि लिहिता येणारी त्यात मी एकटी, तीही चौथीपर्यंत. अशा लेखात म्हणे जन्म कुठला, लग्न कुणाशी, हे सगळं लिहितात. तुझं ते मला पुरतं माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते लिहिलेलं तुला आवडलं नसतं. म्हणून मी तुझ्याशीच बोलते. वाचणाऱ्यांनी शेजारच्या खोलीतलं बोलणं कानावर आलं असं समजावं.

आपलं शेवटचं भांडण अर्धं राहिलं आहे. ते आधी बोलू दे, नाहीतर बाकीचं काही सुचायचं नाही.

तू दाराजवळच्या बाजेवर होतीस. छातीत पाणी झालेलं, आडवं होता येत नव्हतं, म्हणून पाठीशी गोधड्या रचून तुला बसवलं होतं. दुपारची वेळ. मी तुला सांगत होते की कंपनीचा नवा बोलपट घेऊन मॅनेजर वाशीमला आलाय, त्यानं आपल्या सखूच्या पोरीला, चंद्रीला, भुलाबाईची गाणी म्हणताना ऐकलं, आणि आता तो तिला सिनेमात घेणार म्हणतो. सखू तयार आहे. चंद्रीनं तर लुगडी धुऊन वाळत घातलीत.

"कोणाचा माणूस हाये तो?" तू विचारलंस.

तू मला ते नाव कधी घेऊ दिलं नव्हतंस. मी एवढंच म्हटलं, "त्याचा."

तू गोधड्यांना धरून थोडी सरळ बसलीस. मग म्हणालीस, "सखूले मी सांगीन. माह्या तोंडानं. उद्या जरा बरं वाटलं का बलावजो तिले."

"आजच बोलावते."

"आज नाई व. आज दम नाई मले. अन् तू मधात बोलू नको. ते माह्यं हाये."

"पोरगी जाईल, आक्का."

"गाडी काय आजच सुटून राह्यली?"

मी चिडले. म्हणाले, तुला कधी दम असणार? इतकी वर्षं हेच चाललंय, बरं वाटलं की सांगीन, दम आला की सांगीन. तू तोंड भिंतीकडं फिरवलंस. संध्याकाळी पेज घेतलीस, पण माझ्याशी बोलली नाहीस. पहाटे मी चूल पेटवायला उठले तर तू त्याच गोधड्यांना टेकून बसलेली होतीस आणि हात गार पडले होते.

मधात बोलू नको, म्हणालीस. कुठवर? तू बरी होईपर्यंत, की कायमचं? हे विचारायचं राहिलं. तुझ्या पायांवर पाणी घालताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती. रडायचं सोडून मी चंद्रीच्या गाडीचा हिशेब करत होते.

तुला खांदा द्यायला तुझ्या गावाहून, कामरगावाहून, कुणी आलं नाही. रहीमचाचांनी माणूस पाठवला होता. तुझा भाऊ दामूअण्णा त्याला म्हणाला, आमची बहीण मुंबईलेच मेली. माणूस तसाच परत आला. मग चाचा, तंबूचे खुंट ठोकणारी माणसं आणि कापसाच्या जिनातले दोघं, अशांनी तुला नेलं. वाटेत चाचा माझ्यावर डाफरले, "बायाईनं घाटावर येऊ नाई, तू कायले आली?" आणि मग स्वतःच म्हणाले, "चल. उसका कौन है दूसरा."

आक्का, मला तुझं पहिलं दर्शन झालं ते वाशीमच्या स्टेशनावर. त्या काळी चित्रं मुकी होती, आणि रीळ बदलेपर्यंत लोक उठून जाऊ नयेत म्हणून पडद्यापुढं मुली नाचवायचे. तसल्या एका पार्टीत मी होते. कृष्णाकाठचं माझं गाव, आईविना वाढलेली, शाळा सोडून घरात भावजयीच्या हाताखाली. एका बाईनं सिनेमाचं नाव काढलं आणि मी निघाले. सिनेमा कुठला, तंबूतला नाच. पार्टीचा मालक रात्री एकेकीला बिऱ्हाडी बोलवायचा. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. मग अंगात ताप असताना त्यानं मला गाडीतून उतरवलं, ट्रंक स्वतःकडं ठेवून घेतली, आणि गाडी गेली.

तू आणि चाचा पार्सलनं आलेल्या रिळांच्या पेट्या उतरवून घ्यायला आला होतात. मी बाकाखाली मुटकुळं करून पडले होते. तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि चाचांना म्हणालीस, "पेट्या तुमी न्या. हे पेटी मी नेतो." एवढ्या तापातसुद्धा मला हसू आलं होतं. तू पुढं चालायला लागलीस आणि मी मागं.

मी तुला आक्का म्हणायला लागले तेव्हा इथल्या बायका हसायच्या. इथं कुणी आक्का म्हणत नाही, बाई म्हणतात. तू त्यांना म्हणालीस, "म्हणू द्या. तिची बोली तिच्यापाशी." अंबाडीची आंबट भाजी आणि जवारीच्या कण्या खाऊन मी बरी झाले. मग तूच तंबूच्या मालकापुढं मला उभी केलीस. मुक्या चित्रात मधे मधे पडद्यावर अक्षरांची पाटी यायची. पुरुषांकडं एक मास्तर ती मोठ्यानं वाचायचा, पण मधल्या कापडी कनातीच्या अलीकडं, बायकांत, त्याचा आवाज पोचत नसे. तू म्हणालीस, "मालक, हे पोट्टी चौथी शिकेल हाये. बायाईत बसून पाटी वाचीन. मंग पाहा, तुमची कनात फाटते का नाई गर्दीनं."

त्या दिवसापासून मी वाशीमात वाचणारी झाले. बाजारात बाया हाक मारायच्या, "ओ वाचणारी, आज राणी मरते का वाचते?" भावजय म्हणायची, चार बुकं शिकून काय दिवे लावणार. त्या चार बुकांवर मी भाकरी खाल्ली आक्का, आणि ती तुझ्यामुळं. हे तुला मी कधी धडपणे सांगितलं नाही. सांगायला गेले की तू म्हणायचीस, "झालं का भाषण? आता पाणी भर."

सखू आपल्याला भेटली ती तिथंच. जिनात कापूस निवडायला येणारी, लहानपणच्या तापात कान गेलेली. तिला माझं वाचन ऐकू येत नसे, अक्षर तर येतच नव्हतं. तरी ती दर आठवड्याला यायची आणि नको तिथं हसायची. पडद्यावर राणी वनवासाला निघालेली, सगळ्या बाया डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, आणि ही खदखदून हसतेय. एकदा बाया तिच्या अंगावर धावून गेल्या. ती म्हणाली, "मी काय करू माय? राजा राणीले म्हणून राह्यला, 'लवकर आटप, ऊन लागून राह्यलं!'"

ती ओठ वाचायची. मुक्या चित्रात आवाज येतच नाही, म्हणून काम करणारे कॅमेऱ्यापुढं वाटेल ते बोलायचे, हे आम्हाला कुणाला ठाऊक? तुला ठाऊक होतं. तू तेव्हा हसली नव्हतीस. उठून पाण्याच्या माठाकडं गेली होतीस.

मग ते चित्र आलं, तुझं. मी तर त्याच चित्राला भुललेली. लहानपणी सांगलीच्या जत्रेत पाहिलं होतं. नवऱ्यानं खोटा आळ घेतलेली ती बाई उंबऱ्याशी बसून रडते, तिच्यासारखं आपण व्हावं असं मला वाटलं होतं. इथं येऊन इतके महिने तुझ्या हातचं खाल्लं, तरी ती बाई तू आहेस हे मला कळलं नव्हतं. गळ्याची हाडं वर आलेली, केस पिकायला लागलेले, कसं कळणार? रडण्याचा प्रसंग आला. तू पुन्हा उठून माठाकडं गेलीस. पाटी आली, मी वाचली, "प्राणनाथ, या अभागिनीचा अपराध पोटात घाला." बाया हुंदके द्यायला लागल्या. आणि सखू उभी राहिली. ती हसत नव्हती.

"हे तं आपल्या इकडची बाई हाये," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या कनातीत गेला. "हे म्हणून राह्यली, 'यानं मले कोंडलं. माय, मले घरी ने.'"

बायांनी तिला दामटून खाली बसवलं. चित्र संपल्यावर सखू थेट दाराशी आली. तिनं कंदील उचलून तुझ्या तोंडापाशी धरला, तुझी हनुवटी धरली आणि बघत राहिली. तू मान हलवलीस. एवढंच. त्या दिवसापासून ती जिनातून सुटली की आपल्याकडं येऊन बसायला लागली. तुम्ही दोघी त्यावर पुन्हा बोललात असं मी पाहिलं नाही.

मला तू दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलंस, अंबाडीची पानं खुडता खुडता. वर बघत नव्हतीस.

"तिथं मुंबईले कंपनीत टरायल म्हणत त्याले. कपड्याची टरायल, चेहऱ्याची टरायल. साहेबाच्या खोलीत. त्या खोलीची कडी बाहेरून होती. लावाले एक माणूस पगारी ठेवेल होता." पानं खुडत राहिलीस. "सकायी म्हणे, रडाचा शीन घ्याचा हाये. काही बी बोल, तोंड हालव, पाटी येणार हाये. मंग मी खरं बोलली. तो साहेब समोरच होता, फोटोच्या मशीनमांगं. त्याले कुठी समजते आपली बोली? वा म्हणे, वा! सारी कंपनी टाया वाजवून राह्यली होती."

मी विचारलं, त्याचं नाव काय? तू सांगितलंस, आणि लगेच माझा हात धरलास. "तुह्या तोंडून हे नाव निघालं नाई पायजे. नाव घेतलं का त्याचं काही नाई होत. लोकं आपलंच नाव घेतेत मंग."

तुझं खरंच होतं. तू ती नोकरी सोडून आलीस तर कंपनीवाल्यांनी तुझीच चर्चा केली. ती चर्चा तुझ्याआधी कामरगावात पोचली, आणि दामूअण्णानं दार लावून घेतलं.

मला राहवलं नाही. तोवर चाचांनी मला तुटलेली फिल्म जोडायला शिकवलं होतं. जुन्या रिळांचे फाटके तुकडे आम्ही रोजच कापून टाकायचो. कुठं राजाचा हात जायचा, कुठं घोडा. मी तुला म्हटलं, तेवढा तुकडा मी काढून टाकते. कुणाला कळणार नाही. तू माझ्यावर डोळे वटारलेस.

"काहून काढतं?"

"रोज रोज ते लोकांनी बघायचं, तू उठून बाहेर जायचं. कशाला?"

"बाया रडतेत ना त्याच्यात? घरी रडाले कुठी मियते त्याईले. सासू पाह्यते, नवरा मारते. इथं आल्या, मोकळ्या झाल्या. राहू दे."

"त्या तुझ्यासाठी रडत नाहीत. त्या पाटीसाठी रडतात. खोट्यासाठी."

"मंग? पाणी तं खरंच निंघते ना डोयातून?"

यावर आपण किती भांडलो! मला ते आजही पटलेलं नाही. तुला लुबाडून काढलेली गोष्ट लोकांनी पैसे देऊन बघायची, आणि तू म्हणायचीस राहू दे. तुकडा मी कापला नाही, तुझा शब्द होता. पण तो आला की मी पाटी वाचायची सोडून द्यायचे. बायका ओरडायच्या, "वाच व वाचणारी!" मी खोकला आल्याचं सोंग करायचे. सखू माझ्याकडं बघायची.

आणखी एक भांडण होतं, ते तर जुनंच. मी म्हणायचे, सिनेमाच वाईट, आग लागो त्याला. तू ऐकून घ्यायची नाहीस. म्हणायचीस, "मले ते काम आवडे व. उजेडात उभी राह्यली का वाटे, हे मीच काय? त्या कामाले नावं ठेवू नको. त्या खोलीले ठेव." मला वाटायचं तू त्यांची बाजू घेतेस. तू गेल्यावर चंद्रीपुढं उभी राहिले तेव्हा कळलं की तू कुणाचीच बाजू घेत नव्हतीस. तुझं जे गेलं त्यात ते कामही होतं, आणि ते मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

तर ऐक, मी काय केलं ते.

तुझं सुतक फिटलं नव्हतं तरी मी सखूकडं गेले. सकाळची वेळ, अंगणात ऊन पडलेलं. मुद्दाम उन्हातच बसले, कारण तिला माझं तोंड दिसायला पाहिजे. ती तुझ्या आठवणीनं रडत होती. मी तिचे दोन्ही हात धरले.  मी म्हटलं, चंद्रीला ज्याच्याकडं नेतायत ना, तो तोच. सुगंधाला, आपल्या बाईला, कोंडणारा.

तिला पहिल्यांदा पटेना. "थो कोण?" म्हणाली. "मॅनेजर तं दुसरंच नाव सांगून राह्यला कंपनीचं."

कंपनी नवी होती, आक्का. माणूस तोच होता. मग मी त्याचं नाव घेतलं. तिला ऐकू येत नाही म्हणून ते मला तोंड मोठं करून, सावकाश, एकेक अक्षर सोडवून घ्यावं लागलं. जे नाव तू मला पुटपुटूसुद्धा दिलं नव्हतंस. शेजारची म्हातारी सरकी वाळवत होती, तिनं ऐकलं. कुंपणापलीकडं कुणी होतं, त्यानंही ऐकलं असणार. सखू माझ्या ओठांकडं बघत होती. तिनं ते नाव हळू आवाजात म्हणून बघितलं. मी मान हलवली.

ते नाव मी या कागदावरही लिहिलं होतं. चाचा फिरतीवर जाण्याआधी म्हणाले, छापणारा ते खोडेल, आणि खोडलं नाही तर सगळा लेखच परत येईल. म्हणून काढलं. तोंडी सांगायला काही छापखाना लागत नाही.

दुपारी मॅनेजर चंद्रीला बघायला आला. पायांत बूट, हातात छडी, तोंडात "मातोश्री". सखूनं त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहिली.

"पोरगी येईन," ती म्हणाली. "मी बी येतो संग. ते काम करीन, मी दारात बसीन."

तो हसला. "मातोश्री, तिथं आयाबायांना सोडत नाहीत. आणि काळजी कसली? आमच्याकडं अगदी घरच्यासारखं."

"घरच्यावानी हाये तं मायले काहून सोडत नाई?" सखू म्हणाली. आणि मग, "तुमच्या साहेबाच्या खोलीची कडी कोण लावते? तूच काय?"

आक्का, त्याचं तोंड तू बघायला हवं होतंस. आधी सखूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला म्हणाला, "हे तू शिकवलंस होय? तुला कुणी बोलावलं नाही म्हणून पोटात दुखतंय का?" मी म्हटलं, बोलावलं होतं की, म्हणून तर दुखतंय. कुठून सुचलं कोण जाणे.  तो छडी आपटत उठून गेला.

मला वाटलं, झालं, सुटलो. मागं वळले तर चंद्री.

"तुमाले कोणं विचारलं होतं?" ती म्हणाली. डोळे कोरडे. "तुमी पायलं ना तिकडलं? सुगंधामावशीनं पायलं. मंग मले काहून अडवता? इथी काय हाये मले? नवऱ्यानं टाकलं. जिनात जाऊ? कापूस निवडत मरू?"

"चंद्रे, तिथं ते तुला..."

"इथी नाई काय? जिनाचा मुकादम काय कमी हाये?"

 तू असतीस तर काय म्हणाली असतीस? तू कदाचित म्हणाली असतीस, गाणं म्हण, ते सोडू नको. मला तेवढंही सुचलं नाही.  तिनं दोरीवरची लुगडी ओढून काढली आणि घरात गेली. गाडी सुटली तेव्हा ती गेली नाही हे खरं. पण माझ्याशी बोलत नाही. पाणवठ्यावर मला बघितलं की घागर अर्धीच भरून निघून जाते. तिला वाचवलं असं मला वाटत नाही, आक्का. एक वाट बंद केली, आणि दुसरी माझ्याकडं नव्हती. हे मला आत कुठंतरी सारखं टोचतंय. सखू म्हणते, "राग जाईन तिचा. पोरगी तं हाये ना घरी." तिला राग दिसतो, मला चंद्रीचा तो प्रश्न दिसतो.

बोलपटांमुळं पाट्या गेल्या आणि मी दारावर आले होते, तिथूनही तंबूच्या मालकानं मला काढलं. मॅनेजरनं त्याला धमकावलं असणार, बोलपट देणार नाही म्हणून. मालक वाईट नाही, मान खाली घालून सांगितलं. "बाई होती तोवर मी काही म्हटलं नसतं," म्हणाला. तू एका दारावर दोघींना उभं केलं होतंस, ते दार गेलं. पुढं काय, मला माहीत नाही. सखू म्हणते जिनात ये. चंद्रीच्या शेजारी बसून कापूस निवडायचा, एवढं तर मला जमेल. ती बोलली नाही तर नाही.

पण त्याआधी एक काम आहे. तंबू फिरतीवर निघाला. कारंज्याकडून निरोप आला, चाचांनी मोटारवाल्याच्या हातून पाठवलेला. कामरगावात मुक्काम आहे, मॅनेजर संगतीला आहे, आणि तिथं एक पोरगी त्याच्या नजरेत भरली आहे. आई नाही तिला. चाचा म्हणतात मी पुरुष माणूस, मी कुणाच्या घरात शिरून काय सांगणार.

तुझ्या गावात, आक्का. जिथं तुझं नाव घेतलेलं चालत नाही.

मी सकाळच्या मोटारीनं निघते आहे. काल विचार करून करून डोकं दुखलं की तुझ्या गावात तुझी गोष्ट सांगायचा मला काय हक्क. ते माह्यं हाये, म्हणालीस. होतंच. पण तू ते माझ्याजवळ ठेवून गेलीस, आणि मला असलं काही जवळ ठेवून गप्प बसता येत नाही, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. रागावलीस तर रागाव. भिंतीकडं तोंड करून बस. मी तुझ्याशी बोलतच राहणार.

भीती वाटतेच. तिथं मला ओळखणारं कुणी नाही. परकी बाई दिसली की पारावरच्या बाया आधी काय विचारतील ते मला ठाऊक आहे: कोणाची व तू? मी आजवर या प्रश्नाला कृष्णाकाठचं गाव सांगत आले, नाहीतर काहीतरी बोलून वेळ मारून नेत आले. या वेळी सांगेन, सुगंधाची. कोणती सुगंधा, म्हणतील. मी दामूअण्णाच्या घराकडं बोट करीन. त्या तिकडं वळून बघतील, तेवढ्यात मी पुढचं बोलून घेईन.